तेल वरून येतं

इंजिन ऑईल गळणाऱ्या गाडीवर सगळ्यांकडे एकच उपाय असतो: "पॅकिंग बदलून टाका." कोणतं पॅकिंग, ते कुणी सांगत नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात तेल अडवून धरणाऱ्या कितीतरी जागा आहेत, हे मला कळलं तेव्हा मी गाडीखाली आडवी झाले होते आणि डोळ्यांसमोरची एकूण एक जागा ओली होती.

गाडी बाबांची. १९९१ सालची, एमएच २९ पाटीची. कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. यवतमाळहून, कधी नागपूरहून माल आणायला बाबांनी ती घेतली. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि इटलीच्या फियाट ११०० वरून पुढे ही पद्मिनी आली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नवी गाडी बनणं बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी बरीच वर्षं टिकली; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता कळंबहून वर्ध्याला रेल्वे आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली. तरी बाबांना वर्ध्याला जायचं तर आपल्याच गाडीनं. गाडी गळते म्हणून ते डिकीत तेलाचा डबा ठेवायचे, निघताना काठी पुसून पाहायचे, कमी असेल तेवढं ओतायचे. काठी म्हणजे डिपस्टिक. इंजिनात किती तेल आहे ते दाखवणारी खुणांची पट्टी. गाडीतलं मला तेवढंच माहीत होतं.

आदल्या वर्षी दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी लावलेलं पत्र्याचं पातेलं. सगळं तेल शेवटी त्यात येऊन साठतं. पैसे दिले, गाडी आणली, आणि थोड्याच दिवसांत अंगणातल्या फरशीवर पुन्हा काळा डाग. बाबांनी मुकाट्यानं डबा काढला. मला ते पाहवेना. औषधांच्या दुकानात उभं राहून आयुष्य गेलं. काय होतंय हे न कळताच बदलत राहायचं, हे मनाला पटत नव्हतं. म्हणून कळंबच्याच एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी पाना उचललाच नाही. म्हणाले, "ताई, पयले काय गयते थे पाहा. मंग कुठून गयते थे पाहू." पहिला प्रश्न "कुठून" नाही, "काय" आहे, हे मला सुचलंच नव्हतं.

पाहायचं कसं, तर औषधांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून रात्रभर गाडीखाली ठेवायचा आणि पुढची चाकं कुठं आहेत याची त्यावर खूण करायची. सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग होते. एक इंजिनाखाली, मोठा, काळपट तपकिरी. दुसरा त्याच्या बऱ्याच मागे, लहान, पण बोटाला जास्त घट्ट लागणारा. रेडिएटरचं पाणी असतं तर ते वाळून गेलं असतं किंवा कूलंटचा रंग दिसला असता. ब्रेक ऑईल पातळ आणि जवळपास बिनरंगी असतं. पेट्रोल तर उडूनच जातं. मागच्या डागाचा वास घेतला आणि ओळखीचा वाटला. आमच्याकडे खरजेवर गंधकाचं मलम मिळतं, त्याच्या जातीचा वास. मिस्त्रींना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "थे गिअर ऑईल." गिअरच्या दातांवर फार दाब येतो, म्हणून त्या तेलात गंधकयुक्त द्रव्यं घालतात. म्हणजे आम्ही ज्याला एक गळती म्हणत होतो त्या दोन होत्या, आणि गिअरबॉक्समध्ये तेल किती उरलंय हे कित्येक वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं.

गाडीखाली शिरण्याआधी मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली, आणि ती मी इथं मुद्दाम लिहिते आहे. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी. उचलल्यावर तिला लोखंडी घोड्यांवर टेकवायचं, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि मगच खाली जायचं. विटांवर नाही. वीट वजनाखाली एकदम फुटते. घोड्या त्यांनीच दिल्या. पाठीवर झोपून टॉर्च लावला तेव्हा चेंबरच्या कडेनं थेंब लोंबताना दिसले. मी वरच्या आवाजात सांगितलं, "चेंबरच गळतंय." ते बाहेर उकिडवे बसले होते. म्हणाले, "थे तर सगळ्यात खालचं आहे न ताई. वरचं सारं त्याच्यावरच येते." तेल खाली वाहतं, आणि गाडी धावत असली की पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. लोंबणारा थेंब दिसतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. खरं भोक बहुतेक वेळा त्याच्या वर आणि पुढे असतं. आदल्या वर्षीचे पैसे कशात गेले ते मला तिथंच, पाठीवर पडल्या पडल्या कळलं.

मग धुणं. इंजिन पूर्ण थंड असताना कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर पॉलिथिननं बांधले. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीची वाटणी करणारी टोपी. त्यात पाणी गेलं की गाडी सुरूच होत नाही. थोडं डिझेल, जुना ब्रश, पत्र्याची पट्टी. मी दुकानातले तपासणीचे रबरी हातमोजे घातले होते. डिझेल लागताच ते सैल पडून चिकट झाले आणि बोटाशी फाटले. लॅटेक्सला तेल सोसत नाही. नायट्राईलचे निळे मोजे टिकतात. वापरलेलं इंजिन ऑईल कातडीला वारंवार लागणं घातक असतं, त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं असतात. हे मला माझ्या धंद्यातून माहीत होतं, आणि बाबा तीस वर्षं उघड्या हातांनी ती काठी पुसत आले होते. नायट्राईलचा एक डबा तेव्हापासून गाडीतच आहे. धुताना निघालेली घाण मी मोरीत सोडली नाही, डब्यात भरून ठेवली. गोळा करणाऱ्याला द्यायची.

काळा थर निघाल्यावर खालचं ओतीव लोखंड दिसलं. तोवर बोल्टांची डोकीही बुजलेली होती. पंखा लावून इंजिन कोरडं केलं आणि वरून खालपर्यंत पावडर शिंपडली. टाल्कम, अंगाला लावायची साधी पावडर. पांढऱ्यावर तेलाची ओली रेघ उमटते आणि ती रेघ वर वर शोधत जायची, इतकी सोपी ही युक्ती आहे. शहरातल्या गॅरेजांत तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या दिव्यात पाहतात म्हणे, तत्त्व तेच. मी लगेच गाडी काढून यवतमाळच्या रस्त्यावर फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं, तर सगळं पुन्हा ओलं. वाऱ्यानं पावडर आणि तेल दोन्ही पसरवून टाकले होते. मिस्त्री म्हणाले, गाडी जागीच उभी ठेवून सुरू करायची. इंजिन गरम होऊ द्यायचं. मग पाहायचं. ज्या वाऱ्यानं आम्हाला एवढी वर्षं फसवलं, तोच मी पुन्हा बोलावून आणला होता.

पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर. पहिली काही मिनिटं काहीच दिसेना. गार तेल घट्ट असतं. इंजिन तापलं, मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर थोडा वाढवून धरला, आणि सगळ्यात वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर राखाडी झाली. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं पत्र्याचं झाकण. त्याच्याखाली व्हॉल्व्ह उघडणारे दांडे वरखाली होतात. त्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली, ब्लॉकच्या पाठीवरून उतरली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथून वळली आणि चेंबरच्या कडेला येऊन थेंब झाली. मी तिच्याकडे किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. गॅरेजात ज्या थेंबाकडे बोट दाखवून पैसे घेतले गेले होते, तो थेंब चेंबरचा नव्हताच.

पण इंजिनाच्या काही जागा डोळ्यांना दिसतच नाहीत. तिथं टॉर्चही पोचत नाही. तिथं कापूस लावू या असं मला सुचलं. दुकानातला शस्त्रक्रियेचा कापूस तारेनं बांधला. संध्याकाळी काढला तर भिजलेला, पण कशानं ते कळेना. धुतानाचं पाणी खाचांमध्ये राहिलं होतं आणि कापसानं तेच आधी प्यालं होतं. मिस्त्रींकडचा माणूस म्हणाला, "घरचा कापूस लावा न." शेजाऱ्यांच्या कोठीतून बोंडातला कच्चा कापूस आणला, सरक्या काढल्या, छोटे बोळे केले. दुसऱ्या दिवशी तेलाच्या जागचे बोळे काळे झाले होते आणि पाण्याच्या जागचे कोरडेच राहिले होते. कारण नंतर लक्षात आलं. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. पाणी त्याला भिजवत नाही, तेल मात्र तो ओढून घेतो. दवाखान्याच्या कापसाचं ते मेण धुऊन काढलेलं असतं, म्हणून तर तो जखमेवर चालतो. कळंबच्या चारी बाजूंना शेतं कापसाची आहेत, मी ह्या कापसात वाढले, आणि हा गुण मला एका इंजिनानं दाखवला.

काळे झालेले बोळे दोन जागांचे होते: पेट्रोल पंपाच्या बुडाशी आणि पुढे, टायमिंग चेनच्या कव्हराखाली. टॅपेट कव्हर धरून तीन गळत्या.

कव्हर आधी घेतलं, कारण ते माझ्या हाताला येत होतं. नट सोडले, झाकण उचललं. आतलं कॉर्कचं पॅकिंग शिळ्या भाकरीसारखं कडक होऊन तुटलं. मला वाटलं, नवं लावलं की झालं. मिस्त्रींनी झाकण उलटं करून सपाट काचेवर ठेवलं आणि कडेखालून कागद सरकवून दाखवला. जिथं जिथं नट येतात तिथं पत्रा खाली दबलेला आणि मधल्या जागी उचललेला. गळतं म्हणून दर वेळी कुणीतरी नट आणखी आवळला होता. आवळला की कॉर्क चिरडतो, पत्रा वाकतो आणि जास्त गळतं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीनं ती कड त्यांनी हलक्या हातानं परत सरळ केली. मग जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडायचा, दोन्ही बाजू पुसून कोरड्या करायच्या, नवं कॉर्क बसवायचं आणि नट मधून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मी सिलिकॉनची ट्यूब पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली. आत दाबलेलं जादा सिलिकॉन सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकलं, तर ऑईल पंपाला तेल मिळत नाही. बाहेरून गळणारं इंजिन महिनोन् महिने चालतं. आत तेल न पोचलेलं इंजिन काही मिनिटांत बसतं. किती आवळू, विचारलं तर म्हणाले, "कॉर्क दबला पाहिजे, मेला नाही पाहिजे."

पेट्रोल पंपाचं पॅकिंग बाजारात मिळालं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करून एक सेट मागवला, त्यात नेमका हाच कागद नव्हता. मिस्त्रींनी पॅकिंगच्या कागदाचा ताव पंपाच्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टुकटुक करत गेले. धातूची कड कागदावर आपोआप उमटते आणि तिथंच कापली जाते. ना पेन्सिल, ना कात्री. पंप आणि इंजिनामधला जाड ठोकळा जपून ठेवायला सांगितला, आणि पॅकिंगची जाडीही पहिल्याइतकीच. हा पंप इंजिनातल्या कॅमच्या धक्क्यावर चालतो. जाडी बदलली की धक्का कमी-जास्त पोचतो. त्यांनी डिपस्टिकचा वासही घ्यायला लावला. पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनातल्या तेलात उतरतं, तेल पातळ होतं, आणि ते गळण्याहून वाईट. वास फक्त तेलाचा होता.

दोन्ही कामं झाली, पुन्हा पावडर मारली. मागचा कोपरा कोरडा राहिला. पंप कोरडा राहिला. पण पुढच्या कव्हराखाली रेघ पूर्वीपेक्षा जास्त ठळक. मला रडू यायचं बाकी होतं. मिस्त्री मात्र पहिल्यांदाच उत्साहानं उठले. "एक बुजवलं का दुसरं गयते. म्हणजे आत दाब आहे बाप्पा."

हा भाग मला सगळ्यात उशिरा समजला आणि माझ्या मते तो आधी समजायला हवा. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं निसटून खाली चेंबरकडे जातो. नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त. त्याला बाहेर जायला वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीत ती एक जाडशी रबरी नळी आहे, एअर फिल्टरकडे जाणारी. ती वाट बुजली तर वायू साठतो आणि जिथं फट मिळेल तिथून तेलाला घेऊन बाहेर पडतो. मग कितीही पॅकिंग बदला.

दाब आहे का ते पाहायला मिस्त्री तेल ओतायच्या तोंडावर हात धरतात. मी दुकानातून आणलेला हातमोजा काढला. इंजिन बंद असताना तेलाचं झाकण काढून त्या तोंडावर मोजा रबरबँडनं घट्ट बसवला, पंख्यापासून दूर आहे याची खात्री केली आणि बाबांना चावी फिरवायला सांगितली. आधी अंगठा उभा राहिला. मग एकेक करत पाचही बोटं फुगली आणि इंजिनाच्या माथ्यावर तो हात ताठ उभा थरथरू लागला. बाबा खिडकीतून मान बाहेर काढून पाहत राहिले. नळी काढली तर तिच्या आतली तारेची जाळी काळ्या, डांबरासारख्या गाळानं पार लिंपलेली. डिझेलमध्ये भिजवून, ब्रशनं घासून, हवा मारून ती मोकळी केली. नळी परत लावली, नवा मोजा चढवला, गाडी सुरू केली. बोटं थोडी हलली आणि खाली पडून राहिली. थोडं हलणं ठीक आहे, मिस्त्री म्हणाले. रिंगा तीस वर्षांच्या आहेत. मोजा फुगलेलाच राहिला असता आणि तोंडातून धूर आला असता, तर खरा खर्च रिंगांचा होता.

त्या संध्याकाळी त्यांनी तेलही बदललं, २०डब्ल्यू५० भरलं. विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो. झिजलेल्या जुन्या इंजिनात अशा उन्हात फार पातळ तेल टिकत नाही. गिअरबॉक्सचा नट उघडला तर तेल खुणेच्या बरंच खाली होतं. तेही भरलं आणि गिअरबॉक्सच्या शेपटीचं सील बदललं. टायमिंग कव्हरातल्या पुढच्या क्रँक सीलचं काम निघेल असं वाटत होतं, पण ब्रीदर मोकळा झाल्यापासून तिथला बोळा जेमतेम ओलसर होतो, थेंब धरत नाही. मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही.

एक गळती अजून आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोबणीतून, लांब फेरी झाली की एखादा थेंब येतो. आधी मला तो टॅपेट कव्हरचाच उरलेला वाटला, पण वरची सगळी रेघ कोरडी आहे आणि वास गंधकाचा नाही, म्हणजे इंजिनाचंच तेल, क्रँकच्या मागच्या सीलचं. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. सील स्वस्त आहे, मजुरी नाही. क्लच घसरायला लागला असता, म्हणजे तेल प्लेटपर्यंत पोचलं असतं, तर थांबून चाललं नसतं. तो घसरत नाही. चढावर चौथ्यात टाकून पाहिलं. क्लच प्लेट तशीही येत्या वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागेल, तेव्हा एकाच मजुरीत दोन्ही कामं होतील, असं आमचं ठरलं आहे. तोवर दर फेरीआधी काठी पाहायची आणि वहीत किलोमीटरसमोर पातळी लिहायची. ती वही मी ठेवते. गेल्या वर्ध्याच्या फेरीत जाऊन-येऊन काठीवरची पातळी तसूभरही हलली नाही, तरी डिकीतला डबा बाबांनी काढू दिला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. जुन्या गाडीत तेल असलेलंच बरं.